ग्रामपंचायतीला अटी, लोकसभेला मोकळीक

पालम तालुक्यातल्या कुठल्याही गावात ग्रामपंचायतीला उभे राहायचे म्हणजे आधी कागदपत्रांची जुळवाजुळव करावी लागते. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेले नाही, असे लिहून द्यावे लागते. घरी शौचालय आहे आणि घरातली माणसे ते वापरतात, हे दाखवावे लागते. १९९५ पासून पुढे जन्मलेला उमेदवार किमान सातवी पास असावा लागतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी थकलेली चालत नाही. जागा राखीव असेल तर जात पडताळणीचे काम वेगळेच. यातल्या एकेका अटीवरून निवडून आलेल्या सरपंचांची आणि सदस्यांची पदे गेलेली आहेत, आणि तालुक्याच्या राजकारणात हे अर्ज-तक्रारींचे खेळ सगळ्यांना ठाऊक आहेत.

आता याच गावातला माणूस दिल्लीला जायचे म्हणाला तर? अपत्ये किती, हे कोणी विचारत नाही. शिक्षणाची अट नाही. शौचालयाचा प्रश्नच येत नाही. राज्यघटनेचे कलम ८४ त्याच्याकडून मोजक्याच गोष्टी मागते: तो भारताचा नागरिक असावा, त्याने राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी, आणि लोकसभेसाठी वयाची पंचविशी, राज्यसभेसाठी तिशी पूर्ण केलेली असावी. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने त्यात भर घातली ती मतदार यादीतल्या नावाची, आणि ते नावही देशातल्या कुठल्याही मतदारसंघातले चालते. पंचवीस हजार रुपये अनामत भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराने त्याच्या निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत, तर अनामत जप्त.

ही तफावत मला खटकते. तरी तिचे उत्तर खासदाराला सातवी पासची अट लावणे हे नव्हे. घटना समितीचे काम संपत आले तेव्हा, नोव्हेंबर १९४९ मध्ये, अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी कायदेमंडळाच्या सदस्यांसाठी काही पात्रता घालता आली नाही याची खंत बोलून दाखवली होती. खंत प्रामाणिक होती, पण समितीने दार उघडे ठेवले हे योग्यच झाले. ज्या देशात बहुसंख्य माणसांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते, तिथे शिक्षणाची अट म्हणजे त्या माणसांना राज्यकारभाराबाहेर ठेवण्याचाच मार्ग ठरला असता. मग हाच न्याय गावच्या पंचाला का नाही? शाळा सुटलेली बाई लोकसभेत बसू शकते आणि ग्रामपंचायतीत बसू शकत नाही, याला कुठलाही पटण्याजोगा खुलासा मी अजून ऐकलेला नाही.

मतदार यादीतले नाव कुठलेही चालते, याचा अर्थ पालमच्या मतदारांनी २०२४ मध्ये जवळून पाहिला. पालम गंगाखेड विधानसभा मतदारसंघात येतो आणि गंगाखेड परभणी लोकसभेत. जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी हे परभणी जिल्ह्यातले आणि परतूर, घनसावंगी हे जालना जिल्ह्यातले, असे सहा मतदारसंघ मिळून एक खासदार निवडतात. त्या निवडणुकीत महादेव जानकर परभणीतून उभे राहिले. मूळचे साताऱ्याच्या माण तालुक्यातले. ‘बाहेरचा’ की ‘आपला’ यावर प्रचारात पुष्कळ बोलले गेले, पण कायद्याच्या दृष्टीने तो मुद्दाच नव्हता. निकाल मतदारांनी दिला: संजय जाधव सव्वा लाखाहून अधिक मतांनी तिसऱ्यांदा निवडून आले.

शेजारी मात्र कायदा वेगळा प्रश्न विचारतो. पालमच्या शिवेला लागून असलेला लोहा विधानसभा मतदारसंघ लातूर लोकसभेत मोडतो आणि लातूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथे उमेदवाराचे जात प्रमाणपत्र हाच पात्रतेचा कणा असतो. हा कणा किती काळ अधांतरी राहू शकतो, हे अमरावतीच्या अशाच राखीव जागेवर दिसले. २०१९ मध्ये निवडून आलेल्या नवनीत राणा यांचे प्रमाणपत्र मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने आधी त्या निकालाला स्थगिती दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी तो निकाल फिरवला. तोवर पुढची निवडणूक दारात आली होती. अमरावतीचे आणि परभणीचे मतदान एकाच दिवशी, २६ एप्रिलला झाले. एका खासदाराची पात्रता ठरायला जवळजवळ तिची सगळी मुदत गेली. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, इतका उशीर हा मतदारांवरचा अन्याय आहे.

तुरुंगाचा प्रश्नही या भागाला नवा नाही. २०१९ च्या विधानसभेला रत्नाकर गुट्टे न्यायालयीन कोठडीत असताना गंगाखेडमधून निवडून आले. लोकांना तेव्हा आश्चर्य वाटले होते, पण कायदा सरळ आहे आणि आमदाराला तसाच खासदाराला लागू आहे. आरोपी असणे ही अपात्रता नाही. दोषी ठरून दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा होणे ही आहे, आणि ती शिक्षा भोगून बाहेर आल्यावरही सहा वर्षे टिकते. कोठडीतल्या माणसाला मत देता येत नाही, मत मागता मात्र येते. पूर्वी दोषी ठरलेला खासदार तीन महिन्यांत अपील करून पद टिकवू शकत असे. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बुजवली. आता शिक्षा झाली की पद त्या दिवसापासून जाते. वरच्या न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली तरच ते परत मिळते. २०२३ मध्ये राहुल गांधी यांच्या बाबतीत तसेच झाले.

मुदतीबद्दल एक गैरसमज पक्का आहे: खासदार पाच वर्षांसाठी निवडून येतो. राज्यसभेचा सदस्य खरोखर सहा वर्षांसाठी जातो, कारण ते सभागृह विसर्जित होत नाही. लोकसभेत मात्र मुदत सभागृहाची असते, सदस्याची नसते, आणि ती पहिल्या बैठकीपासून मोजतात. परभणीकरांनी याचा अनुभव घेतला आहे. १९९६ मध्ये सुरेश जाधव, १९९८ मध्ये सुरेश वरपूडकर, १९९९ मध्ये पुन्हा सुरेश जाधव. सरकार एका मताने कोसळले, बारावी लोकसभा विसर्जित झाली आणि वरपूडकरांची खासदारकी जेमतेम तेरा महिन्यांत संपली. त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

मुदत अशी तुटते, तशी ताणलीही जाते. पाचव्या लोकसभेची पाच वर्षे मार्च १९७६ मध्ये पूर्ण झाली. आणीबाणी सुरू होती. आणीबाणीत संसद आपली मुदत एका वेळी एक वर्ष वाढवू शकते, असे कलम ८३ सांगते, आणि संसदेने ती वाढवून घेतली. त्या वेळी मधू लिमये तुरुंगात होते. पुण्यात जन्मलेले, गोवामुक्तीसाठी पोर्तुगीजांचा तुरुंग भोगलेले हे समाजवादी नेते बिहारमधून, आधी मुंगेर आणि मग बांका इथून, लोकसभेवर गेले होते. लोकांनी आपल्याला पाच वर्षांसाठी निवडले आहे, त्यापुढचा एक दिवसही आपला नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी तुरुंगातूनच राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही दिला. सभागृहातले बाकीचे सदस्य वाढीव मुदतीत बसून राहिले, आणि त्याच वाढीव मुदतीत बेचाळिसावी घटनादुरुस्ती करून त्यांनी लोकसभेची मुदतच सहा वर्षे करून टाकली. ती पुन्हा पाचवर आणली जनता राजवटीतल्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने. लिमये यांनी पुढे खासदारकीचे निवृत्तिवेतनही घेतले नाही. मराठी माणसाने संसदेत काय कमावले याची यादी कोणी केली, तर मी या राजीनाम्याला फार वरची जागा देईन.

आता विशेषाधिकार. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे विमान आणि बंगला येतो. त्या सवलती आहेतच: एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दराने महिन्याला १ लाख २४ हजार रुपये वेतन, सभागृहाच्या दिवसाला अडीच हजार भत्ता, वर्षाला चौतीस विमान प्रवास, रेल्वेचा पास, दिल्लीत घर, आणि निवृत्तीनंतर ३१ हजारांपासून पुढे निवृत्तिवेतन. १९५४ मध्ये वेतन ४०० रुपये होते. पण राज्यघटनेला अभिप्रेत असलेला विशेषाधिकार हा नव्हे. तो कलम १०५ मध्ये आहे: सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल खासदाराला कोणत्याही न्यायालयात खेचता येत नाही. सत्तेतल्या मंत्र्याला, मोठ्या कंपनीला, अधिकाऱ्याला निर्भयपणे जाब विचारता यावा म्हणून हे कवच आहे. फौजदारी गुन्ह्यात अटकेपासून ते वाचवत नाही. अधिवेशनाच्या आगेमागे चाळीस दिवस मिळणारे संरक्षण फक्त दिवाणी प्रकरणांत आहे.

या कवचाचा गैरवापरही झाला. १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारविरुद्धच्या अविश्वास ठरावावर पैसे घेऊन मत दिलेल्या खासदारांना सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये याच कलमाचा आसरा दिला. हा निकाल पुसायला सव्वीस वर्षे लागली. ४ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींनी सांगितले की लाच घेणे हे खासदाराच्या कामात मोडत नाही, म्हणून तिला संरक्षणही नाही. त्याआधी डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल संसदेने अकरा सदस्यांना काढून टाकले होते. त्यांत जळगावचे आणि एरंडोलचे असे महाराष्ट्रातले दोघे होते. प्रश्न हा मतदाराच्या मालकीचा असतो आणि खासदार तो फक्त सभागृहात नेतो. तो विकणे ही चोरीच होती.

खासदार निधीबद्दलही गैरसमज आहे. वर्षाला ५ कोटी रुपये, पण ते खासदाराच्या हातात पडत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. सहा विधानसभा मतदारसंघांत सारखे वाटले तर एकेकाच्या वाट्याला वर्षाला साधारण ८३ लाख येतात, आणि गंगाखेडच्या त्या वाट्यात पालम, पूर्णा आणि गंगाखेड हे तीन तालुके आहेत.

म्हणून पालमच्या वाचकांना एक विनंती. आपल्या खासदाराने सभागृहात कोणते प्रश्न विचारले, किती दिवस हजेरी लावली, हे संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. निधीतून आपल्या तालुक्यात कोणती कामे आली, हे जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. आणि गोदाकाठचा, पिकविम्याचा, रस्त्याचा जो प्रश्न दिल्लीत जायला हवा, तो एका कागदावर लिहून खासदारांच्या कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि अधिवेशन संपल्यावर त्याचे काय झाले ते पुन्हा जाऊन विचारा.