विमानाची वेळ बदलल्यास…

काकडी (ता. कोपरगाव) येथील शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये कमी दृश्यमानतेमुळे येथील उड्डाणे अनेक दिवस बंद राहिली आणि तिकीट हाती असूनही भाविकांची गैरसोय झाली. अशा वेळी प्रवाशाचे हक्क कोणते, हे ठाऊक असणे हिताचे ठरते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार उड्डाण रद्द झाल्यास पर्यायी विमान अथवा पैसे परत, यांतील निवड प्रवाशाची असते. सहा तासांहून अधिक विलंब होणार असल्यासही ही मुभा आहे. त्यामुळे नवी वेळ गैरसोयीची असल्यास कंपनीच्या संदेशाला घाईने होकार देऊ नये. उड्डाण रद्द झाल्याची पूर्वसूचना नियमाप्रमाणे न मिळाल्यास कमाल १० हजार रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. धुक्यासारख्या कारणांना मात्र ती लागू नाही. तसेच आरक्षण करताना संपर्क क्रमांक न देणाऱ्यालाही ती मिळत नाही.

एजंटामार्फत तिकीट काढल्यास कित्येकदा त्याचाच क्रमांक नोंदवला जातो आणि बदलाची सूचना प्रवाशापर्यंत पोहोचतच नाही. म्हणूनच आरक्षणात स्वतःचा क्रमांक असल्याची खात्री प्रथम करून घ्यावी.