गेडचा रंग कोणता?

गेल्या सुट्टीत आमच्या घरातील एका अकरा वर्षांच्या मुलीने एक फ्रेंच पुस्तक दोन दिवसांत वाचून संपविले आणि तिसऱ्या दिवशी त्यातील नायकाचे चित्र काढून आम्हांस आणून दाखविले. समुद्र होता, होडी होती, हातात काठी घेतलेला मुलगा होता. मुलगा गुलाबी होता. आम्ही विचारले, "हा असा का गं?" ती म्हणाली, "जादूगार असाच असतो ना!" आम्ही पुस्तक मागून घेतले, पाने चाळली आणि त्याच्या वर्णाबद्दलचे वाक्य तिच्यासमोर धरले. तिने ते दोनदा वाचले. मग आपला हात त्या पानाशेजारी ठेवून पाहिला आणि काही न बोलता निघून गेली.

पुस्तक होते अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन यांचे. मूळ इंग्रजी नाव 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. फ्रेंचमध्ये ही मालिका 'तेरमेर' या नावाने वाचावयास मिळते. पहिला भाग १९६८ साली निघाला, दुसरा १९७१ साली आणि तिसरा १९७२ साली. त्यानंतर बाई या विषयावर अठरा वर्षे गप्प राहिल्या. १९९० साली 'तेहानू' आली आणि २००१ साली आणखी दोन पुस्तके. बाईंचा जन्म १९२९ सालचा, कॅलिफोर्नियातील बर्कली येथला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांच्या भाषा व चालीरीती यांचा अभ्यास करण्यात त्यांचे आयुष्य गेले. निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या तऱ्हेने जगताना पाहावे, हे बाळकडू बाईंना घरातच मिळाले होते. २०१८ च्या जानेवारीत पोर्टलंड येथे त्यांचे निधन झाले.

अर्थसी हे नुसत्या बेटांचे जग आहे. शेकडो बेटे, मध्ये समुद्र, वाऱ्यावर चालणारी गलबते. एका बेटाचा माणूस दुसऱ्या बेटाच्या माणसाला आधी विचारतो, तू कुठल्या बेटाचा? आम्हां बेटवासीयांना हे जग परके वाटत नाही. नायक गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा, लोहाराचा पोर. आई लहानपणीच वारलेली. मावशीच्या तोंडचा एक मंत्र ऐकून तो शेळ्यांवर म्हणून पाहतो, तर सगळ्या शेळ्या त्याला चिकटून बसतात, सोडावयास तयार नाहीत! पोराची ती फजिती वाचून आम्हांस हसू आवरेना. पुढे हाच पोर रोक बेटावरच्या विद्यालयात जातो, गर्वाने एक काळी सावली जगात सोडतो, आणि अखेर तिच्यापासून पळण्याऐवजी तिचाच पाठलाग करून तिला नावाने हाक मारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते.

नावाचे या जगात मोठे प्रस्थ आहे. प्रत्येकाला दोन नावे. एक चारचौघांत हाक मारावयाचे आणि दुसरे खरे, ते फक्त जिवाभावाच्या माणसालाच सांगावयाचे. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगतात, त्याची आठवण होते. आणि आणखीही एक आठवण होते, ती तितकी गोड नाही. आमचे पूर्वज कोकणातून व घाटावरून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा डेपोतील कारकुनाने ऐकू आले तसे नाव वहीत लिहिले आणि पुढे एक नंबर टाकला. खापरपणजोबांचे पहिले नाव पुढे कुटुंबाचे आडनाव होऊन बसले. खरे आडनाव कित्येक घरांत आज कोणाला ठाऊक नाही. खरे नाव हरविणे म्हणजे काय, हे आम्हांस जादूच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आता रंगाची गोष्ट. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे. त्याचा जिवलग मित्र व्हेच काळाभोर आहे. द्वीपसमूहातील बहुतेक माणसे अशीच, तपकिरी, तांबूस, सावळी. गोरी माणसे आहेत ती पूर्वेकडच्या कार्गी बेटांवरची, आणि पहिल्याच प्रकरणात ती तलवारी घेऊन गेडच्या गावावर चालून येतात. बारा वर्षांचा गेड धुके जमवून गाव वाचवितो. १९६८ साली अमेरिकेत असे लिहिणे लहान गोष्ट नव्हती. पण बाईंनी डांगोरा पिटला नाही. वाचकाने आधी त्या पोराच्या कातडीत शिरावे आणि मग ती कातडी गोरी नाही हे त्याच्या ध्यानात यावे, असा आपला बेत होता, हे त्यांनीच पुढे लिहिले. जगातली बहुसंख्य माणसे गोरी नाहीत, मग कल्पनेतल्या जगात ती का असावीत, हा त्यांचा साधा प्रश्न होता. बेत इतका गुपचूप साधला की पुष्कळ प्रकाशकांच्याही ध्यानात आला नाही. किती तरी आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गेड गोराच छापला गेला. त्याबद्दल बाई वर्षानुवर्षे तक्रार करीत राहिल्या.

चित्रपटाची अपेक्षा या वाचकवर्गात फार जुनी होती. ती उसळली ती २००१, २००२ आणि २००३ या तीन वर्षांत. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरचे पीटर जॅक्सनचे तीन चित्रपट तेव्हा एकामागून एक आले. तोवर असली पुस्तके पडद्यावर नीट उतरत नाहीत, असाच समज होता. जॅक्सनने टॉम बॉम्बाडिल हे पात्र सबंध गाळले, शेवटचा मोठा प्रसंग गाळला, आर्वेनचे काम वाढविले. वाचकांनी कुरकुर केली खरी, पण बहुतेकांनी चित्रपट आपले मानले. तिसऱ्या चित्रपटाला २००४ साली ११ नामांकने आणि ११च्या ११ ऑस्कर मिळाली. मग अर्थसीच्या वाचकांना वाटले, आता आपली पाळी. त्यात बाईंकडून हक्क घेणाऱ्यांनी सांगितले होते की, जॅक्सनच्या पटकथेतील भागीदार फिलिपा बॉयेन्स याच ही पटकथा लिहितील. बाईंनी हक्क दिले ते मुख्यतः या नावावर भिस्त ठेवून.

पुढे काय झाले ते बाईंनी स्वतःच लिहून ठेविले आहे. काम सुरू होईतो बॉयेन्स बाजूला झाल्या होत्या. करारात बाईंना 'सल्लागार' असे पद होते. पण हे पद म्हणजे निर्मात्याला वाटेल ते, बहुधा काहीच नाही. त्यांच्या हाती पटकथा पडली तेव्हा चित्रीकरण सुरूही झाले होते. १३ डिसेंबर २००४ पासून दोन रात्री साय-फाय चॅनेलवर ती मालिका दाखविली गेली. गेडच्या भूमिकेत शॉन अ‍ॅशमोर हा गोरा तरुण. ओगियन गुरूच्या भूमिकेत डॅनी ग्लोव्हर, आणि मुख्य पात्रांपैकी कृष्णवर्णीय म्हणावा असा तेवढाच. गंमत अशी की पुस्तकात टेनार ही गोऱ्या कार्गी लोकांपैकी. ती भूमिका मात्र जिच्या आईचे मूळ चिनी आहे अशा क्रिस्टिन क्रूकला मिळाली! नावांची तर अदलाबदलच केली. पुस्तकात 'स्पॅरोहॉक' हे हाक मारावयाचे नाव आणि 'गेड' हे खरे, मालिकेत उलटे. ज्या जगात खरे नाव उच्चारणे म्हणजे माणसाचा जीव हाती देणे, तेथे हा घोटाळा किरकोळ म्हणता येत नाही.

बाईंनी त्याच आठवड्यात लेख लिहून आपले म्हणणे मांडले. सूर त्राग्याचा होता, पण मुद्दा स्वतःच्या मानापमानाचा नव्हता. वर्णाने गोऱ्या नसलेल्या वाचकांची त्यांना पत्रे येत. आपण लहानपणी असली पुस्तके वाचीत होतो, पण त्यांत आपल्यासारखे कोणीच नव्हते, तुमच्या पुस्तकात प्रथम भेटले, अशा अर्थाची. त्या वाचकांच्या हातून काय काढून घेतले जात आहे, हे त्यांना दिसत होते. दिग्दर्शकाने तर मुलाखतीत आपण पुस्तकांशी प्रामाणिक राहिलो असे सांगितले होते.

येथे कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे सोंग. कोणी का करीना! दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके नावाचे पुरुष. प्रेक्षकांनी ते चालवून घेतलेच ना? घेतले, कारण तेव्हा पडद्यावर काम करावयास स्त्री मिळेना, आणि पडद्यावरची तारामती तारामतीच राहिली. तिची कोणी दुसरीच बाई केली नाही. २००४ साली अमेरिकेत तपकिरी वर्णाचा तरुण नट मिळत नव्हता, असे कोण म्हणेल? आपला कीर्तनकारही आख्यान हवे तसे फुलवितो, मध्येच विनोद करतो, रात्र सरत आली की प्रसंग गाळतो. श्रोते हूं की चूं करीत नाहीत. पण त्याचा हरिश्चंद्र शेवटी खोटे बोलला, तर श्रोते उठून जातील. वाचकांची अपेक्षा आमच्या मते एवढीच असते. प्रत्येक पान पडद्यावर यावे, अंगरख्याची बटणेसुद्धा पुस्तकातल्याप्रमाणे हवीत, असे म्हणणारे भक्त असतात. त्यांचे आम्हांस काही खरे वाटत नाही. बटणे कशीही असोत, बोवा!

दुसरा प्रयत्न जपानचा, आणि त्याची कथा जास्त चटका लावणारी आहे. हायाओ मियाझाकी यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच बाईंकडे हक्क मागितले होते. बाईंना तेव्हा त्यांचे नावही ठाऊक नव्हते. हलती चित्रे म्हणजे डिस्नेची, अशा समजुतीने त्यांनी नकार दिला. पुढे बऱ्याच वर्षांनी 'माय नेबर टोटोरो' पाहिला आणि त्या मियाझाकींच्या चाहत्या झाल्या. चूक सुधारावी म्हणून त्यांनी आपण होऊन विचारणा केली, मियाझाकी पोर्टलंडला त्यांच्या घरी येऊन गेले, होकार झाला. पण चित्रपट केला तो वडिलांनी नव्हे, मुलगा गोरो याने. त्याचा हा पहिलाच चित्रपट. तोवर तो स्टुडिओचे संग्रहालय सांभाळीत होता. बापाला ते मान्य नव्हते, आणि दोघांतील अबोला साऱ्या जपानला ठाऊक झाला. ज्या माणसाने वीस वर्षे हे पुस्तक उराशी धरले, त्याच्या हातून ते झालेच नाही.

चित्रपट २००६ च्या जुलैत जपानात लागला. ऑगस्टमध्ये बाईंनी तो खाजगीत पाहिला. गोरोने विचारले, आवडला का? बाईंनी सांगितले की हे माझे पुस्तक नव्हे, हा तुझा चित्रपट आहे, आणि चांगला चित्रपट आहे. हे उत्तर पुढे त्याने जाहीर केले, तेव्हा त्यांना सविस्तर लिहिणे भाग पडले. चित्रे सुंदर, नांगरणीचा प्रसंग फार सुंदर, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. बहुतेक पात्रे आपल्याला गोरीच दिसली, तरी रंगछटांत थोडी विविधता आहे, असेही लिहिले. दुःख होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. चित्रपटात राजपुत्र अ‍ॅरेन सुरुवातीलाच आपल्या बापाला भोसकतो, त्याला धड कारण नाही. आणि सगळे पाप शेवटी एका खलनायकाच्या माथी मारून त्याला संपविले की काम भागते. बाईंच्या पुस्तकात पाप असे बाहेर उभे राहत नाही. सावली आपलीच असते. अमेरिकेत तर साय-फाय चॅनेलकडील हक्कांमुळे हा चित्रपट २०१० पर्यंत लागूच शकला नाही. पहिल्या चुकीने दुसऱ्याचीही वाट अडवून धरली.

आता पुन्हा आशा आहे. निर्मात्या जेनिफर फॉक्स यांनी हक्क घेतले आणि २०१९ साली ए-ट्वेंटीफोर या कंपनीबरोबर मालिका करण्याचे जाहीर झाले. मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. २०१८ साली, पहिल्या पुस्तकाला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, सर्व भाग एका जाड ग्रंथात निघाले. चित्रे चार्ल्स व्हेस यांची. चित्रांबद्दल त्यांनी बाईंशी चर्चा केली होती. छापील ग्रंथ मात्र बाईंना पाहावयास मिळाला नाही. त्यात गेडचा रंग बरोबर आहे.

घरातले ते चित्र आम्ही कपाटाच्या दाराला लावून ठेविले होते. परवा पाहतो तो गुलाबी रंगावर तपकिरी पेन्सिल इतकी घासली आहे की कागद फाटावयास आला आहे. होडीत आणखी एक मुलगी बसली आहे. तिच्या दोन वेण्या आहेत. तिचे नाव काय म्हणून विचारले, तर सांगितले नाही.