नऊ अणूंची किमया

बाटलीवर नाव कुठलंही असो, दारूतला खरा ऐवज एकच: इथेनॉल. कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक, अशा अवघ्या नऊ अणूंचा रेणू. तो पाण्यात विरघळतो, चरबीतून पार होतो आणि मेंदूभोवतीचा कडक पहारा सहज ओलांडतो. सुमारे 8600 कोटी चेतापेशींचा मेंदू एवढ्याशा रेणूच्या कह्यात जातो कसा? गंमत अशी, की तो कमजोरीमुळे नव्हे, हुशारीमुळे अडकतो.

मेंदूत ‘गाबा’ हे रसायन पेशींना शांत करतं, ‘ग्लुटामेट’ त्यांना चेतवतं. दारू पहिल्याला बळ देते आणि दुसऱ्याला दाबते. म्हणून सैलावल्यासारखं वाटतं. पण ती रोज येऊ लागली, की मेंदू तिला गृहीत धरून स्वतःची रचना बदलतो. गाबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटला जास्त. ‘कितीही प्याला तरी चढत नाही गड्याला’ असं बैठकीत कौतुकानं म्हणतात, तेव्हा हा बदल आत बराच पुढे गेलेला असतो.

आता दारू अचानक थांबली तर? रस्सीखेचीत समोरच्यानं एकदम दोर सोडावा, तसा मेंदू कोलमडतो. काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात, तर दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावरही बेततं. सकाळी उठल्याउठल्या घेतलेला पेग मौजेसाठी नसतो. हात स्थिर राहावेत म्हणून असतो.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजणारी 26 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. झोप समाधानाची लागते का? कामाची ताकद आहे का? मन एकाग्र होतं का? पैसा पुरतो का? नात्यांत समाधान आहे का? जगण्यात मजा येते का? दारूचं अवलंबित्व यातला एकही प्रश्न सोडत नाही. दारूनं डोळा लवकर लागतो खरा, पण स्वप्नांची झोप आक्रसते आणि उत्तररात्री सारखी जाग येते. आनंदाची दखल घेणारी यंत्रणा दारूच्या तालावर जुळवली गेल्यानं घरचं जेवण, लेकराचं हसू बेचव वाटू लागतं. पोटात अन्न कमी आणि दारू जास्त गेल्यानं ब-1 जीवनसत्त्व घटतं, त्यातून स्मृतीच ढासळू शकते. घरच्यांनी तर थेंबही घेतलेला नसतो, तरी संध्याकाळी दारात पाऊल कसं पडतंय, यावर त्यांचा जीव टांगलेला असतो. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात म्हणूनच व्यसनी माणसाच्या पत्नीसाठीही ‘सहचरी’ हा गट आहे.

आणि सर्वांत मोठं नवल पुढेच आहे. दारू सुटली, की तोच मेंदू पुन्हा जुळवून घेऊ लागतो. दारूनं आक्रसलेला मेंदूचा भाग काही आठवड्यांत अंशतः भरून येताना स्कॅनमध्ये दिसतो. झोपेची घडी बसायला मात्र महिने लागू शकतात. पहिले दिवस सर्वांत धोक्याचे, म्हणून रोज पिणाऱ्यानं एका रात्रीत, एकट्यानं सोडण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. नुसत्या निर्धारावर सगळं सोपवू नये. बदललेल्या मेंदूला पूर्वपदावर यायला औषध, माणसं आणि वेळ, तिन्ही लागतात.