कोंबडा आरवल्यापासून जोडे बांधेपर्यंत

अलिबागच्या इस्रायल आळीतल्या ‘मागेन अबोथ’ सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावर, लिहा, असं संपादकांनी सांगितलं. १८४८ साली स्थापना, १९१० मध्ये नवी इमारत, हा इतिहास दोन ओळींत संपतो. मी अडकलो तो तिथल्या प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानांवर, ‘बिर्खोत हशाखर’पाशी. म्हणजे पहाटेची स्तुतिवचनं.

तालमुद या ज्यू धर्मग्रंथातल्या ‘बराखोत’ भागात ती येतात, माणूस अंथरुणातून उठतो त्याच क्रमानं. कोंबडा आरवला की त्याला दिवस-रात्रीचा भेद कळू देणाऱ्याची स्तुती. डोळे उघडले की आंधळ्याला दृष्टी देणाऱ्याची, उठून बसलं की बांधलेल्याला सोडवणाऱ्याची. पाय भुईला टेकला की पाण्यावर जमीन पसरणाऱ्याची. पाय टेकण्याआधी धरणीची क्षमा मागणारी आजी ज्यांनी पाहिली, त्यांना हे परकं वाटायचं नाही. जोडे बांधताना, माझी सगळी गरज भागवलीस असं म्हणायचं. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी चामड्याचे जोडे वर्ज्य, म्हणून काही जण तेव्हा हे वचन गाळतात. शौचाहून आल्यावरही एक वचन आहे, चौथ्या शतकातले तालमुदी पंडित अबये यांच्या नावावर: शरीरातलं एखादं छिद्र बुजलं किंवा फुटलं, तर तुझ्यापुढे उभं राहता येणार नाही. देहाची ही निःसंकोच दखल मला फार थोर वाटते.

पुढे ही वचनं घरातून सिनेगॉगमध्ये गेली. उठल्याउठल्या हात शुद्ध नसतात, आणि अनेकांना ती पाठही नव्हती; म्हणणाऱ्यामागून ‘आमेन’ म्हटलं की त्यांचं भागे. बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मैमोनिदिसनी ही प्रथाच चूक ठरवली. जी गोष्ट घडली नाही, तिचं वचन म्हणू नये. रूढीनं ऐकलं नाही. मला मात्र त्यांचंच पटतं. कोकणात तर ते सोयीचंही आहे: १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, इस्रायलला गेले, आणि सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं अवघड झालं. पण ही वचनं एकट्यानंही म्हणता येतात.

खरी अडचण वेगळीच आहे. याच वचनांत पुरुष तीन गोष्टींचे आभार मानतो: मला परधर्मीय केलं नाहीस, गुलाम केलं नाहीस, स्त्री केलं नाहीस. स्त्रिया शेवटच्याच्या जागी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे घडवलंस’ म्हणत आल्या. पुरुषावर धर्माज्ञा जास्त, त्या वाढीव कर्तव्याचे हे आभार, असं समर्थन केलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. पाय टेकण्याचीही कृतज्ञता शिकवणाऱ्या प्रार्थनेनं घरातल्या लेकीला रोज सकाळी हे ऐकवावं, याचं वाईट वाटतं. अमेरिकेतल्या ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथानं १९४६ च्या प्रार्थनापुस्तकात ही वचनं होकारार्थी केली. तुझ्या प्रतिमेप्रमाणे घडवलंस, स्वतंत्र केलंस, अशी. परंपरानिष्ठ ऑर्थोडॉक्स ज्यूंच्या पुस्तकांत ती अजून जुन्याच शब्दांत छापली जातात.