चहा महागला म्हणून?

भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा तिची वही चाळताना जुनं वाक्य पुन्हा भेटलं : ‘इंग्लंडने चहावरील कर वाढवल्यामुळे अमेरिकन वसाहतींनी राजाविरुद्ध बंड केले.’ हेच वाक्य मी शाळेत घोकलं, व्याख्यानांत ऐकलं. बजेटच्या दिवशी टीव्हीवर कुणीतरी म्हणतंच, ‘कर वाढवले की काय होतं ते बोस्टनला विचारा!’ अहो, विचारा ना एकदा.

1773 च्या चहा कायद्याने कर वाढवला नाही. चहा स्वस्त केला. रतलामागे 3 पेन्सचा कर 1767 पासून होताच, तो तसाच राहिला. बदललं ते वेगळंच. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा बुडायला आली होती आणि लंडनच्या वखारींत तिचा सुमारे 1 कोटी 70 लाख रतल चहा पडून होता. सरकारने कंपनीला इंग्लंडातली जकात माफ केली आणि मधले व्यापारी वगळून माल थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली. डचांकडून चोरून येणाऱ्या चहापेक्षाही हा चहा स्वस्त पडणार होता.

मग लोक चिडले कशावर? घोकंपट्टीची गाडी इथे अडते. थोडा स्वार्थ होता, तो लपवण्यात अर्थ नाही : चोरट्या चहावर गबर झालेल्यांचा धंदा बसणार होता. शिवाय विक्रीचा मक्ता मर्जीतल्या मोजक्यांना मिळाला, आणि बोस्टनमध्ये त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते. पण खरं दुखणं त्या 3 पेन्सचं पुढे काय होतं, हे होतं. त्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. पूर्वी गव्हर्नरचा पगार वसाहतीची सभा मंजूर करायची. पगार हातात म्हणून कान हातात. आता साहेबाचा पगार परस्पर होणार म्हटल्यावर तो सभेचं कशाला ऐकतोय? स्वस्त चहा गोड मानून प्यायचा म्हणजे लंडनच्या पार्लमेंटचा कर बसवण्याचा हक्क कबूल करायचा. आमच्यावर कर बसवायचा तर आमच्या सभेने, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांना लंडनमध्ये खुर्च्याही नको होत्या. इतक्या लांबून तिथे प्रतिनिधित्व शक्यच नाही, असा ठराव त्यांनी 1765 सालीच केला होता.

आणखी एक धागा आपल्याकडे कुणी सांगतच नाही. 1773 च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाचा वकील जॉन डिकिन्सन याने ‘रस्टिकस’ या टोपणनावाने पत्रक काढलं. त्यात त्याने बंगालच्या दुष्काळाचा दाखला दिला : या कंपनीने आशियात नफ्यासाठी लाखो माणसं उपाशी मारली, तीच आता आपल्या दारात आली आहे. 1770 च्या दुष्काळाची बातमी तिथवर पोचली होती आणि लोकांना भीती वाटत होती ती मक्तेदारीची.

16 डिसेंबर 1773 च्या रात्री बोस्टनच्या ग्रिफिन्स धक्क्यावरच्या तीन जहाजांतून 340 च्या आसपास पेट्या, म्हणजे सुमारे 92,000 रतल चहा चिडलेल्या लोकांनी पाण्यात फेकला. ओहोटी होती. कुऱ्हाडींनी फोडलेल्या पेट्यांतला चहा बुडेना, जहाजाच्या कडेला ढीग साचले आणि ते ढकलत बसावं लागलं. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरून घेतला, तर लोकांनी त्याला धरून चोप दिला.

तरीही बंड पेटलं ते त्या रात्रीमुळे नव्हे, नंतरच्या शिक्षेमुळे. चहाची भरपाई होईपर्यंत बोस्टनचं बंदर बंद ठेवायचं, असं 1774 मध्ये ठरलं. मॅसॅच्युसेट्सची सनदही मोडीत काढली गेली. आज त्यांची गेली, उद्या आपली जाईल, हे उरलेल्या वसाहतींना कळलं. त्याच सप्टेंबरात फिलाडेल्फियात 13 पैकी 12 वसाहतींचे लोक एकत्र बसले. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 27 तक्रारी आहेत. त्यांत करांची तक्रार एका ओळीची आहे. चहाचं नावही नाही.

जाता जाता बाकीचे गैरसमज निकालात काढू.

‘जुलमी राजाने कर लादले.’ कर पार्लमेंटने लादले. उलट 1775 च्या जुलैपर्यंत वसाहतवाले तिसऱ्या जॉर्जकडेच, पार्लमेंटला आवरा म्हणून अर्ज करत होते. त्याने अर्ज हातातही घेतला नाही, ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवलं. राजावरचा विश्वास उडाला तो तिथे.

‘करांनी कंबरडं मोडलं होतं.’ इंग्लंडातला माणूस त्यांच्या कित्येक पट कर भरत होता.

‘सगळी जनता एक होती.’ राजनिष्ठांचं प्रमाण पाचवा हिस्सा धरतात. युद्धानंतर सुमारे 60,000 जण देश सोडून गेले.

‘4 जुलैला जाहीरनाम्यावर सह्या झाल्या.’ फारकतीचा ठराव 2 जुलैचा, 4 तारखेला मजकूर मंजूर झाला, बहुतेक सह्या 2 ऑगस्टच्या.

आणि बोस्टनला जाऊन आलेले आपले लोक त्या धक्क्याचा फोटो टाकून खाली ‘आपला आसाम चहा’ लिहितात, त्यांच्यासाठी : पाण्यात गेलेला चहा सगळा चिनी होता. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला 1839 साली.