मणक्यानंतरचं आयुष्य, लेखांक ६ : व्यायामाची मात्रा

मानेच्या कितव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली यावर कोणते स्नायू हाती राहतात हे ठरतं, ते मागच्या लेखात पाहिलं. आता त्या उरलेल्या स्नायूंचं करायचं काय, हा प्रश्न. क्वाड्रिप्लेजिया, म्हणजे चारही हातपायांचा लकवा, झालेला माणूस रुग्णालयातून घरी आला की बहुतेक घरांत व्यायामाच्या नावाखाली एकच गोष्ट होते. फिजिओथेरपिस्ट येतात, अर्धा तास हातपाय हलवून देतात, सांधे ताणतात आणि जातात. माणूस पडून असतो; घाम गाळतात ते फिजिओथेरपिस्ट. घरच्यांचा प्रश्नही एकच असतो, ‘पायावर कधी उभा राहील?’ वर्ष-दीड वर्षात त्याचं हवं तसं उत्तर मिळालं नाही, की पैसा आणि उमेद दोन्ही आटतात आणि व्यायाम थांबतो. माझं म्हणणं असं, की इथे दोन चुका एकमेकींना धरून होतात. जो व्यायाम उपयोगाचा, म्हणजे स्वतः करायचा, दम लागेल असा, तो सुरूच होत नाही. आणि जो चालू असतो तो चालण्याच्या मापाने मोजला जाऊन बंद पडतो. रक्तदाबाची गोळी जशी मात्रा ठरवून कायमची दिली जाते, तसाच या माणसांना व्यायाम लिहून दिला पाहिजे. तो बंद करायची तारीख नसते.

याचं कारण शरीरात काय घडतं त्यात आहे. हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या नसा मज्जारज्जूतून छातीच्या वरच्या भागापाशी बाहेर पडतात. मानेत पूर्ण इजा झाली की मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ठोके कमी करणारी नस मात्र थेट मेंदूकडून येते, ती शाबूत राहते. परिणाम असा, की अशा माणसाने जिवाच्या करारावर व्यायाम केला तरी नाडी साधारण ११० ते १३०च्या पुढे जात नाही. रक्त पायांत आणि पोटात साचून राहतं, उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. निकामी स्नायू झिजतात, त्यांच्या जागी चरबी येते, शरीराची अन्नाची गरज घटते पण ताटातलं अन्न तेवढंच राहतं. मग मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात. श्वासाचा पडदा मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या नसांवर चालतो म्हणून श्वास चालू राहतो, पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू गेलेले असल्याने खोकला जोरात येत नाही, कफ सुटत नाही आणि साधी सर्दी न्यूमोनियावर जाते. मज्जारज्जूच्या इजेनंतर वर्षानुवर्षांनीही मृत्यूच्या मोठ्या कारणांमध्ये न्यूमोनिया आहेच. ही सगळी घसरण पाय हलोत वा न हलोत चालूच असते, आणि व्यायामाचं पहिलं काम तिला अडवणं हे आहे.

व्यायामाने ती अडते का? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मज्जारज्जूला इजा झालेल्या ३४ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. त्यात मानेच्या इजेची माणसंही होती. एका गटाने नऊ महिने, आठवड्यातून दोनदा, हाताने फिरवायच्या पॅडलवर आणि वजनांवर व्यायाम केला. त्यांची पॅडल मारण्याची क्षमता सरासरी ८१ टक्क्यांनी वाढली, वरच्या शरीराची ताकद १९ ते ३४ टक्क्यांनी. वेदना, ताण आणि नैराश्य कमी झालं. कुणाला पाय परत मिळाले नाहीत, तरी आयुष्याबद्दलचं समाधान वाढलं. अशा अनेक अभ्यासांची छाननी करून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मात्राच ठरवून दिली: अंगातली क्षमता टिकवायची तर आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि चालू असलेल्या प्रत्येक मोठ्या स्नायुगटाला ताकदीचे तीन-तीन फेरे, हृदय आणि साखर सांभाळायची तर आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं. नाडी मोजून जोर ठरवता येत नाही हे वर आलंच, म्हणून माप बोलण्याचं ठेवायचं. बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे. उलट, सांधे ताणण्याबद्दलचा पुरावा काय सांगतो? कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याचा निष्कर्ष असा, की काही आठवडे किंवा महिने केलेल्या ताणाने सांध्यांच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. म्हणून हातपाय हलवणं सोडून द्या असं मी म्हणणार नाही, पण घरातला सगळा पैसा आणि वेळ त्यातच संपत असेल तर ती वाटणी चुकली आहे.

पहिला आक्षेप साहजिक आहे: ज्याचे चारही हातपाय गेले त्याने व्यायाम करायचा कशाने? ‘चारही गेले’ हे आपण ढोबळपणे म्हणतो. पाचवी नस शाबूत असेल तर खांदा उचलता येतो आणि कोपर दुमडता येतं. सातवी असेल तर कोपर सरळ करता येतं, आणि त्या एका स्नायूच्या बळावर काहीजण स्वतःला पलंगावरून खुर्चीत सरकवू शकतात. मधली सहावी नस असली की मनगट वर उचलता येतं, आणि इथे शरीर एक करामत करतं. बोटांमध्ये काडीचीही ताकद नसते, पण मनगट मागे उचललं की बोटांचे दोर आपोआप ताणले जाऊन बोटं आत वळतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकतो. मनगट खाली सोडलं की पकड सुटते. एवढ्या पकडीत चमचा राहतो, कागद राहतो, लघवीची नळीही धरता येते. मनगट उचलणाऱ्या त्या स्नायूला रोज वजन दिलं तर पकड घट्ट होते. आणि नेमकं इथेच घरचं माणूस प्रेमापोटी घात करतं. तेल लावून, मनगट मागे धरून, आखडलेली बोटं सरळ ताणली जातात. हळूहळू ते दोर सैल पडतात आणि पकड कायमची जाते. बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवूनच करावीत, हे रुग्णालयाने घरी सोडताना मालिश करणाऱ्याला आणि आईला करून दाखवायला हवं. बाकी साधनं फार लागत नाहीत. पकड नसलेल्या हाताला पट्ट्याने बांधलेलं वजन किंवा रबरी पट्टी, पकड येणारे हातमोजे आणि गुळगुळीत फरशी एवढ्यावर सुरुवात होते. मान आणि खांद्यांपलीकडे काहीच हलत नसेल त्यांनाही श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम आहे, आणि त्याने फुप्फुसांची क्षमता थोडी का होईना वाढते असं चाचण्यांत दिसलं आहे.

उरलेल्या स्नायूंवर काय उभं राहू शकतं ते २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये दिसलं. एफ-५१ हा मैदानी खेळांतला मज्जारज्जूच्या इजेचा सर्वांत तीव्र गट. त्यातले खेळाडू सुमारे ३९७ ग्रॅमची लाकडी मोगरी बसल्या जागेवरून फेकतात. धड बांधून घ्यावं लागतं, कारण पोटात ताकद नसते. मोगरी बोटांत राहावी म्हणून अनेकजण चिकट द्रव्य लावतात. हरियाणाच्या धरमबीर यांच्या पहिल्या चार फेकी बाद ठरल्या, पाचवी ३४.९२ मीटरवर गेली आणि सुवर्ण आलं. प्रणव सूरमा यांनी ३४.५९ मीटरवर रौप्य मिळवलं. धरमबीर यांना घडवणारे अमित सरोहा त्याच स्पर्धेत उतरले होते, आणि त्यांनाही क्वाड्रिप्लेजियाच आहे. ही शिकवण्याची साखळी मला पदकाइतकीच मोलाची वाटते. व्हीलचेअर रग्बी तर १९७७ मध्ये कॅनडातल्या विनिपेगमध्ये अशाच खेळाडूंनी स्वतःसाठी शोधून काढली, कारण व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये त्यांच्या वाट्याला चेंडू येत नव्हता. तिचा नियम विलक्षण आहे. प्रत्येक खेळाडूला हालचालीच्या क्षमतेनुसार ०.५ ते ३.५ गुण दिलेले असतात आणि मैदानावरच्या चौघांची बेरीज ८ च्या वर जाता कामा नये. संघात स्त्री असेल तर थोडी सवलत. त्यामुळे सर्वांत कमी ताकदीचा खेळाडूही संघाला लागतोच. आपली खुर्ची आडवी घालून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणं हे त्याचं काम, आणि त्यावर गोल होतात की नाही ते ठरतं.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो खरा आहे. छातीच्या सहाव्या नसेच्या वर इजा असली की खाली कुठेही त्रास झाला, तुंबलेली लघवी असो, घट्ट पट्टा असो वा दुमडलेलं बोट, तर रक्तदाब एकाएकी चढतो, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. तो लगेच उतरला नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. काही खेळाडू मुद्दाम असा त्रास घडवून कामगिरी वाढवू पाहत. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने त्यावर बंदी घातली आहे. दुसरी गोष्ट उष्णता. इजेच्या खाली घाम येत नाही, म्हणून मे महिन्यात चंद्रपुरात किंवा जळगावात भर दुपारी व्यायाम करणं जिवावर बेतेल. सकाळची वेळ, पंखा आणि तोंडामानेवर पाण्याचा फवारा एवढं पाळायलाच हवं. खांदे झिजतात, त्वचेवर व्रण होतात, हेही खरं. पण यातला प्रत्येक धोका ओळखीचा आहे आणि टाळण्याची रीत ठाऊक आहे: व्यायामाआधी मूत्राशय रिकामं करणं, त्वचा पाहणं, डोकेदुखी सुरू होताच सरळ बसवून कपडे-पट्टे सैल करून कारण शोधणं. पडून राहण्याचे धोके मात्र रोजचे आहेत, आणि त्यांची भीती कुणी घालत नाही.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा आहे: ‘चालण्याचं माप सोडा’ म्हणजे आशा सोडा असंच ना? इजा अपुरी असेल तर पहिल्या वर्षात बरंच परत येऊ शकतं, आणि तेव्हा चालण्याचा सराव करून घ्यायलाच हवा. माझा विरोध आहे तो उरलेलं सगळं आयुष्य त्या एका उत्तरासाठी ताटकळत ठेवण्याला. या ताटकळण्याचा बाजार झाला आहे. मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेलचे उपचार विकले जातात, घरं त्यासाठी जमिनी गहाण टाकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मात्र अशा आजारात ते मान्य उपचार नाहीत, फक्त संशोधनाच्या चाचणीतच वापरता येतात. उद्या खरोखर काही औषध निघालंच, तर त्याचा लाभ आखडलेल्या सांध्यांना आणि व्रण पडलेल्या शरीराला कसा होणार?

राहिला सोयींचा प्रश्न. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला मज्जारज्जूचा विभाग सुरू केला तेव्हा अशी माणसं फार तर दोन-तीन वर्षं जगतील असं धरलं जाई. त्यांनी खेळ उपचारातच घातला. १९४८ मध्ये तिथे १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले. मणक्याला मार बसलेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. सैनिकाला जे मिळतं ते नारळाच्या झाडावरून पडलेल्या पाडेल्याला किंवा इमारतीच्या परांचीवरून पडलेल्या मजुराला का मिळू नये? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पुनर्वसन आणि खेळ या दोन्हींसाठी स्वतंत्र कलमं आहेत. त्यांची सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर होऊ शकते. गोळ्यांच्या यादीखाली कोणत्या स्नायूला किती वजन, किती फेरे, आठवड्यातून किती दिवस आणि किती मिनिटं हे लिहिलेलं असावं, आणि तीन महिन्यांनी ती मात्रा वाढवायला माणसाला परत बोलावलेलं असावं. खेळाचं मैदान पुढचं. तिथपर्यंत न्यायला रॅम्प आणि एक गाडी लागते, आणि ते नगरपालिकेच्या आवाक्यातलं काम आहे. त्यासाठी कोणत्या योजनेतून पैसा मागता येतो, ते पुढच्या लेखात.