हातचे राखलेले दिवस

दिवाळी अंकाच्या संपादकाला लेख सप्टेंबरात हवा असला, की तो ऑगस्टातच मागतो. लेखकही काही कच्चा नसतो. संपादकाने महिनाभर हातचा राखला आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, म्हणून सप्टेंबर उजाडेपर्यंत तो लेखणी उचलत नाही. मग पुढल्या वर्षी संपादक जुलैतच पत्र धाडतो! काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि दरसाल एक नवा माल ठरल्या तिथीला बाजारात आणण्याचा हा धंदा मराठी मुलखात सुरू झाला. लक्ष्मीपूजन काही संपादकासाठी थांबत नाही.

कारखानदाराचे दुखणे याहून निराळे नाही. नवा पंखा उन्हाळ्याआधी, नवी फटफटी दसऱ्याआधी दुकानात हवी. उशीर झाला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलेच. लांबलेले काम म्हणजे काय, हे आम्हां कुहीकरांना कुणी सांगायला नको. आमच्या तालुक्यातली गावे ज्याच्या पाण्याखाली गेली त्या गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला, तेव्हाही काम अपुरेच होते. पण धरणाची गोष्ट मोठी. तूर्त कारखान्यापुरतेच बोलू.

या दुखण्यावर एका पदार्थविज्ञानाच्या पंडिताने चक्क कादंबरी लिहिली आहे, असे कळले, तेव्हा मराठीचा प्राध्यापक या नात्याने मला ती वाचणे भागच पडले. एलियाहू गोल्डरॅट हे त्याचे नाव, गृहस्थ इस्राएलचे. कादंबरीचे नाव ‘क्रिटिकल चेन’, साल १९९७. नायक प्राध्यापक आहे आणि नोकरी कायम होते की नाही या घोरात आहे, त्यामुळे माझी सहानुभूती चटकन त्याच्याकडे गेली. कादंबरी म्हणून ती बेताचीच. पात्रे फळ्यापुढे उभी राहिल्यासारखी बोलतात. विचार मात्र अस्सल आहे.

गोल्डरॅट म्हणतो, जो तो आपापल्या कामाचे दिवस हातचे राखूनच सांगतो. तरी काम उशिराच होते. कारण राखलेले दिवस आरंभीच उधळले जातात. या खोडीला त्याने विद्यार्थ्यांचेच नाव दिले आहे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या गावात किती खोल्यांतून दिवे जळतात हे पाहणारा मी त्याच्याशी वाद घालणार नाही. बरे, काम लवकर झाले तरी कुणी ते पुढे सरकवत नाही. बुटीबोरीच्या एका कारखान्यात असलेला माझा जुना विद्यार्थी मला म्हणाला, “सर, दहा दिवस सांगतलं का साहेब सातच देते. म्हणून मी पंधरा सांगतो. अन् आठात झालं तरी बोलत नाही, नाहीतर पुढच्या खेपेला आठच भेटते.”

उपाय असा. एकामागून एक पाच कामे, प्रत्येकी दहा दिवसांची, म्हणजे एकूण पन्नास दिवस. प्रत्येकाकडून निम्मे दिवस काढून घ्या. कामे पंचवीस दिवसांची झाली. वाचलेल्या पंचविसांपैकी बारातेरा दिवस सगळ्यांची सामाईक शिल्लक म्हणून शेवटी ठेवा. सदतीस-अडतीस दिवसांत माल बाहेर! शिल्लक एकतृतीयांश खर्चेपर्यंत मालकाने गप्प बसावे, पुढच्या तृतीयांशात तोड शोधून ठेवावी, आणि त्यापुढे मात्र धावावे.

दुसरे पथ्य, एका माणसाला एका वेळी एकच काम. एका चित्रकाराकडे तीन अंकांची मुखपृष्ठे आहेत, प्रत्येकाला तीन दिवस. ओळीने काढली तर पहिले तिसऱ्या दिवशी मिळते, दुसरे सहाव्या, तिसरे नवव्या. तिन्ही संपादकांची मर्जी राखीत रोज निराळे चित्र हाती घेतले, तर पहिलेच सातव्या दिवशी हाती येते, आणि तिसऱ्याला काही फायदा नाही तो नाहीच. कामे एकमेकांवर अडलेली असोत की अशा एखाद्या माणसापाशी, त्या साखळीवरच शेवटची तारीख ठरते. नावातली साखळी ती हीच. जपानच्या माझदा कंपनीने आपली ‘स्कायॲक्टिव्ह’ इंजिने याच पद्धतीने सिद्ध केली.

हिशेब सोपा, अवघड आहे तो भरवसा. दिवस निम्मे केले की सुमारे निम्म्या कामांना जास्त वेळ लागणारच. तो लागला म्हणून दंड करायचा नाही, ही यातली खरी अट आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या कारखान्यातही ही पद्धत आणली होती. साहेबांनी सगळ्यांचे दिवस निम्मे केले, सामाईक शिल्लक मात्र विसरले, आणि आठव्या दिवशी घड्याळ घेऊन यंत्रापाशी उभे राहिले. पुढच्या खेपेला सगळ्यांनी पंधराऐवजी तीस दिवस सांगितले.